पडद्यामागचा वाद्यमेळ : जॉन विल्यम्स

(आपल्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



कमिटीने "तुमच्या आवडीच्या विषयावर बोला" असा आग्रह केला. विषय सांगितल्यावर दोघातिघांनी विचारलं, "साहेब, आम्हाला वाटलं तुम्ही व्याजदरांवर बोलाल. हे हॉलिवुडचं काय काढलंत?" कारण सांगतो. या माणसाचं नाव इथल्या बऱ्याच मोठ्यांना माहीत नसेल, पण त्याचं संगीत पहिल्या रांगेत बसलेल्या सगळ्या मुलांनी ऐकलंय. हॅरी पॉटरच्या पहिल्या सिनेमातली ती गूढ धून आठवते ना? ती त्यांचीच. 'ज्युरासिक पार्क', 'सुपरमॅन', 'स्टार वॉर्स' हेही त्यांचंच.

जॉन विल्यम्स यांचा जन्म ८ फेब्रुवारी १९३२ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. वडील जॅझ वाद्यवृंदात ड्रम वाजवायचे. जॉन पियानो शिकले आणि हॉलिवुडच्या स्टुडिओंमध्ये दुसऱ्यांच्या संगीतात पियानो वाजवू लागले. आमच्या भाषेत सांगायचं तर काउंटरवरच्या क्लार्कपासून सुरुवात केली आणि थेट चेअरमन झाले!

आपल्याकडे सिनेमाचं संगीत म्हटलं की गाणी आठवतात. विल्यम्स यांचं काम मुख्यतः पार्श्वसंगीताचं. चित्रीकरण झालं की संगीतकार सिनेमा पाहतो, कुठे संगीत हवं आणि कुठे नको हे दिग्दर्शकाबरोबर ठरवतो, आणि सेकंदांचा हिशेब ठेवून प्रत्येक वाद्याचे स्वर कागदावर लिहितो. मग मोठा वाद्यवृंद ते वाचून वाजवतो. मुंबईच्या स्टुडिओंतही गोव्याहून आलेले वादक असंच नोटेशन वाचून वाजवायचे. प्यारेलालजींना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच.

आता १९७५ चा 'जॉज' घ्या. दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग. माणसं खाणाऱ्या शार्कची गोष्ट, पण यंत्राचा तो मासा समुद्रात सारखा बिघडायचा. विल्यम्स यांनी पियानोवर दोनच स्वर वाजवून दाखवले. स्पीलबर्गना वाटलं थट्टा चाललीय, ते हसले. पण तेच दोन स्वर चेलो आणि डबल बास यांच्या खर्जात आले, हळू सुरू होऊन वेग घेऊ लागले, आणि मासा न दिसताही लोक घाबरले. बँकेत मोठ्या चेकला दोन सह्या लागायच्या, इथे दोन स्वरांवर अख्खा सिनेमा पास झाला! मुलांनो, घरी पेटी किंवा कीबोर्ड असेल तर ज्यांच्या मध्ये काळी पट्टी नाही अशा शेजारच्या दोन पांढऱ्या पट्ट्या आलटून पालटून वाजवून बघा.

त्याच सिनेमात दोन पोरं पुठ्ठ्याचा कल्ला पाण्यात फिरवून लोकांना घाबरवतात. तिथे ते दोन स्वर वाजत नाहीत. संगीत खोटं बोलत नाही, हा विश्वास आपल्या मनात बसतो. आणि पुढे एकदा खरा मासा संगीताशिवायच वर येतो, तेव्हा आपण खुर्चीतून उडतो! 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'मधल्या सुरुवातीच्या भीषण लढाईतही त्यांनी संगीत ठेवलेलं नाही. कुठे गप्प राहायचं हे कळणं मला फार मोठं वाटतं. (आपल्या जनरल बॉडी मीटिंगलाही ते लागू आहे.)

'स्टार वॉर्स' १९७७ चा. तेव्हा इलेक्ट्रॉनिक वाद्यांची हवा होती. विल्यम्स यांनी मात्र लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राचा भरगच्च वाद्यमेळ वापरला आणि मुख्य पात्रांना, कल्पनांना आपापली धून दिली. आपल्या दारावरची बेल आठवा. एकदाच हळूच वाजली की शेजारच्या काकू, बोट ठेवूनच राहिलं की नातू. दार उघडायच्या आधीच कोण आलंय ते कळतं. हे तंत्र वाग्नरच्या ऑपेरात होतंच, विल्यम्स यांनी ते सिनेमात घराघरांत पोचवलं.

यामागचा माणूसही पाहायला हवा. मार्च १९७४ मध्ये त्यांच्या पत्नी बार्बरा अचानक गेल्या. तीन मुलं मागे होती. त्यानंतरच्या काळात 'जॉज' आणि 'स्टार वॉर्स' लिहून झाले. त्याच वर्षांत त्यांनी पत्नीच्या स्मरणार्थ व्हायोलिन कन्चेर्टो लिहिला, कुठल्याही सिनेमासाठी नाही. आपल्यापैकी काहींच्या घरात अशी एक रिकामी खुर्ची आहे, माझ्याही आहे. अशा वेळी काम थांबवून चालत नाही, आणि काम केल्याने दुःख संपतं असंही नाही. दोन्ही बरोबर चालतात, एवढं मला त्यांच्याकडे बघून पटतं.

'शिंडलर्स लिस्ट' हा १९९३ चा सिनेमा नाझींच्या छळातून वाचवलेल्या ज्यूंची खरी गोष्ट सांगतो. तो पाहून विल्यम्स स्पीलबर्गना म्हणाले की याला माझ्यापेक्षा चांगला संगीतकार हवा. स्पीलबर्ग म्हणाले, ठाऊक आहे, पण ते सगळे आता हयात नाहीत! मग इट्झॅक पर्लमन यांच्या व्हायोलिनवर अशी एक धून आली की अंगावर काटा येतो. विल्यम्स यांचं पाचवं ऑस्कर तेच. नामांकनं ५४. शेवटचं मिळालं तेव्हा वय ९१ होतं, आणि तोवर लिहिणं पेन्सिल-कागदावरच! निवृत्तीनंतर आपलं काय राहिलं, असं म्हणणाऱ्या माझ्या ज्येष्ठ मित्रांनी याची नोंद घ्यावी.

शेवटी एक गृहपाठ. 'ई. टी.' हा १९८२ चा सिनेमा नातवंडांबरोबर पाहा. त्याच्या शेवटच्या भागाचं ध्वनिमुद्रण काही केल्या चित्राशी जुळेना. तेव्हा स्पीलबर्ग यांनी पडद्यावरचं चित्र बंद केलं आणि सांगितलं, मैफलीत वाजवता तसं मोकळेपणाने वाजवा. नंतर संगीताप्रमाणे चित्राची काटछाट केली. ती शेवटची पंधरा मिनिटं आधी आवाज बंद करून पाहा, मग आवाज लावून. काय फरक पडला ते नातवंडांनी आजी-आजोबांना सांगायचं आणि आजी-आजोबांनी नातवंडांना. एरवी एकाच खोलीत बसून आपण चौघं चार मोबाइल बघत असतो. निदान पंधरा मिनिटं सगळ्यांचे कान एकीकडे लागतील.