चित्र कुणाचं?



मी सॉफ्टवेअरवाला माणूस. आर्ट थेरपीवर बोलायचा मला काही अधिकार नाही. पण माझ्या हातून एक चूक झाली, ती सांगायला आलोय.

२२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. महिनाभरानं आम्ही काही मित्र पुण्याहून रेशन घेऊन तिकडे गेलो. मुलांसाठी पोस्टर कलर आणि कागदही नेले. फलकावर मीच लिहिलं, 'आर्ट थेरपी शिबिर'. नऊ-दहा वर्षांच्या एका मुलानं अख्खा कागद तपकिरी रंगानं भरून टाकला. मी तो उंच धरला आणि ओरडलो, "बघा, यानं पूर काढलाय!" फोटो काढला, ग्रुपवर टाकला, कागद आठवण म्हणून बॅगेत ठेवला. दुसऱ्या दिवशी तो मुलगा आला नाही.

माझी मामेबहीण तेव्हा अमेरिकेत आर्ट थेरपीत मास्टर्स करत होती. फोटो बघून तिनं फोन केला. "भाई, पूर काढलाय असं तो म्हणाला का?"

"नाही, पण दिसतंय ना."

"तुला दिसतंय. आणि फोटोसाठी त्याच्या अब्बांना विचारलंस?"

मी गप्प.

तिथल्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला किमान ७०० तास प्रत्यक्ष काम करावं लागतं. त्यात १०० तासांचं प्रॅक्टिकम आणि ६०० तासांची इंटर्नशिप. रुग्णालयात, शाळेत, वृद्धाश्रमात. मी लगेच हिशोब केला, आठवड्याला ४० तास धरले तर साडेसतरा आठवडे. आमची सवयच तशी! ती म्हणाली, तास सोड, त्या तासांवर कुणाची नजर असते ते बघ.

पुढच्या वर्षी ती एका वृद्धाश्रमात इंटर्नशिपला होती. एक आजोबा तीन आठवडे कोऱ्या कागदासमोर नुसते बसून राहायचे. ही दर वेळी रंगांचा डबा त्यांच्याजवळ सरकवायची. सुपरवायझरनं तिच्या नोंदी वाचून एकच प्रश्न विचारला, "कोरा कागद कुणाला सहन होत नाहीये, त्यांना की तुला?" मग तिला स्वतःच्या अस्वस्थतेचं चित्र काढायला लावलं. पुढच्या वेळी ती डबा न सरकवता शेजारी बसली. आजोबा त्या दिवशी बोलले. चित्र शेवटपर्यंत काढलं नाहीच.

मला आमचा कोड रिव्ह्यू आठवला. पण आमच्याकडे फक्त कोड तपासतात, लिहिणाऱ्याच्या मनात काय चाललंय ते कुणी विचारत नाही. तिच्याकडे तेच आधी विचारतात. समोरच्याचं दुःख बघून आपण घाबरतो, घाईनं त्याला नाव देतो, आणि ते आपलं आपल्याला कळत नाही.

साहित्यालाही अर्थ असतो, हे मला माहीतच नव्हतं. पेन्सिल हाताच्या ताब्यात राहते. पातळ रंग पसरतो, आवरत नाही. पुरातून आलेल्या मुलांपुढे मी पाण्याच्या वाट्या ठेवल्या होत्या! या क्षेत्राच्या सुरुवातीच्या काळातल्या एडिथ क्रेमर थेरपिस्टच्या 'तिसऱ्या हाता'बद्दल लिहायच्या. चित्र काढणाऱ्याला मदत करायची, पण चित्र त्याचंच राहू द्यायचं. माझा हात तर थेट कागदच हिसकावून गेला होता.

आता आमच्या शिबिरात फलकावर 'चित्रकलेचा तास' एवढंच असतं. फोटो नाहीत. एखादं मूल फारच गप्प झालं तर फोन करायला एका समुपदेशक बाईंचा नंबर आधीच घेतलेला असतो. आणि "हे काय काढलंस?" असं कुणी विचारत नाही. तुमच्यापैकी ज्यांना दोन दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र मिळालंय, त्यांनी माझ्यावर रागावू नका, पण ७०० हा आकडा लक्षात ठेवा.

त्या मुलाचा कागद बहिणीनं मला परत करायला लावला. मी पुन्हा चिपळूणला गेलो, त्याच्या अब्बांची आणि त्याची माफी मागितली, ग्रुपवरचा फोटो काढल्याचं सांगितलं. मुलानं कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. मी काही विचारलं नाही.