बोली लागते तेव्हा



सकाळपासून घाटकोपरच्या या सभागृहाबाहेर चहा घेताना एकच प्रश्न कानावर पडतोय, 'तुमच्या पोराला लिलावात किती मिळाले?' पूर्वी आपण विचारायचो, कुठल्या कंपनीत लागला. म्हणून छापील भाषण खिशातच ठेवतो.

२०१४ साली प्रो कबड्डीच्या पहिल्या लिलावात सर्वांत महाग ठरला राकेश कुमार, १२ लाख ८० हजारांना. २०२३ मध्ये पवन सेहरावतची बोली २ कोटी ६० लाखांवर गेली. वर्षभर आधी याच पवनवर २ कोटी २६ लाख लावणाऱ्या संघाला तो पहिल्याच सामन्यात गुडघा धरून बसलेला दिसला आणि पुढे अख्खा हंगाम बाहेर. गुडघ्यावर बोली लागत नाही, हे खरं. पण तरण्या पोराची किंमत ठरवताना आपण नेमकं मोजतो काय?

कोल्हापूरकडचा सिद्धार्थ देसाई घ्या. २०१८ मध्ये यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतलं. त्याने चढायांचे २१८ गुण केले. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाख मोजले. पोरगा कमी पडला नाही, पुन्हा दोनशेच्या वर गेला. पण टायटन्स तळाजवळच राहिले आणि सिद्धार्थ नसलेली यू मुंबा उपांत्य फेरीत पोहोचली. चूक सिद्धार्थची नव्हे. विकत घेतला गेला चढाईपटू, आणि अपेक्षा होती अख्ख्या संघाची.

पकडीच्या बाबतीत तर आकडे सरळ फसवतात. डाव्या कोपऱ्याचा बचावपटू घोट्यावर झेपावतो, त्या क्षणी शेजारच्या बचावपटूने, म्हणजे कव्हरने, आत येऊन चढाईपटूची वाट अडवायची असते. कव्हर अर्धं पाऊल उशिरा आला की चढाईपटू मध्यरेषेला हात लावतो, आणि फसलेली पकड लिहिली जाते कोपऱ्याच्या नावावर. हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. एका निवड चाचणीत मी असाच एक कोपरा वगळला होता, अर्ध्या तासात तीन पकडी फसल्या म्हणून. पुढच्या वर्षी जोगेश्वरीत तो आपल्या गल्लीतल्या जोडीदारासोबत उतरला आणि आमच्या चढाईपटूंना बोनस रेषासुद्धा गाठू देईना. मी भलत्याच पोराकडे बघत बसलो होतो!

चढाईचंही तेच. आघाडी असताना मिळालेला गुण आणि शेवटच्या दोन मिनिटांत, सलग दोन रिकाम्या चढायांनंतरच्या तिसऱ्या चढाईला, रिकामं परतलं तर बाद, अशा वेळी आणलेला गुण, तक्त्यात दोन्ही एकच.

बास्केटबॉलवाल्यांनाही हे चुकलेलं नाही. १९९६ मध्ये शार्लटच्या संघाने नव्या पोरांच्या निवडीत तेराव्या क्रमांकावर कोबी ब्रायंटला घेतलं आणि लेकर्सला देऊन बदल्यात व्लादे दिवाच घेतला. दिवाच मुरलेला खेळाडू होता. त्या दिवशी सौदा वेडेपणाचा नव्हता. शार्लटला उद्याचा सामना जिंकायचा होता, लेकर्सना पुढची दहा वर्षं. पुणेरी पलटणनेही अस्लम इनामदार, मोहित गोयतसारखी तरणी पोरं एकत्र वाढवली आणि २०२४ मध्ये चषक उचलला. अर्थात शादलूई या एका खेळाडूवर सव्वादोन कोटींहून जास्त खर्चही केले होते, तेही सांगितलं पाहिजे.

दुपारी मैदानावर चाचणी आहे. कोपऱ्याचा पोरगा तपासाल तेव्हा त्याच्याच संघातला कव्हर शेजारी उभा करा. आणि वजनकाटा कुणी नेला असेल तर परत आणून द्या, पोरं खोळंबली आहेत.