नांगीतल्या विषाची घडण

विंचवाच्या विषातले घातक घटक म्हणजे अगदी लहान प्रथिने. सोडियम वाहिन्यांवर काम करणाऱ्या विषांत साधारण ६० ते ७६ अमिनो आम्ले असतात; पोटॅशियम वाहिन्या अडवणाऱ्यांत बहुधा २० ते ४०. साखळी एवढी आखूड असूनही विस्कटत नाही, कारण तीन-चार डायसल्फाइड बंध तिला आतून घट्ट आवळून धरतात. एका अंगाला आल्फा मळसूत्र, दुसऱ्या अंगाला बीटा पट्ट्या, असा हा सांगाडा. बंध तोडले की घडी उलगडते आणि विषाचा जोर ओसरतो.

सांगाडा तोच, पण पृष्ठभागावरची अमिनो आम्ले बदलली की लक्ष्य बदलते. पश्चिम आशियातल्या विंचवाचे कॅरिब्डोटॉक्सिन ३७ अमिनो आम्लांचे. त्यातले २७ वे, धनभारित लायसिन, पोटॅशियम वाहिनीच्या तोंडात बाटलीच्या बुचासारखे बसते. कोकणातल्या लाल विंचवाचे आयबेरिओटॉक्सिनही ३७ चेच आणि दोघांची रचना ६८ टक्के जुळणारी. मात्र त्यात आम्लधर्मी घटक जास्त असल्याने धनभार बराच कमी. कॅरिब्डोटॉक्सिन अनेक प्रकारच्या पोटॅशियम वाहिन्या अडवते. आयबेरिओटॉक्सिन कॅल्शियमने उघडणारी मोठी वाहिनी तेवढी निवडते. या नेमकेपणामुळेच ते जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले जाते.

रुग्णाच्या जिवावर उठतात ती मुख्यतः सोडियम वाहिन्यांवरची विषे. बीटा गटातली विषे वाहिनी वेळेआधी उघडतात. आल्फा गटातली विषे उघडलेली वाहिनी मिटू देत नाहीत. मग मज्जातंतू थांबतच नाहीत आणि रक्तात अ‍ॅड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा लोंढा येतो. दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, पुढे फुप्फुसांत पाणी, हे कोकणातल्या डॉक्टरांना पुरते ठाऊक असलेले चित्र त्यातूनच उभे राहते.

महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी यावर प्राझोसिन वापरून असंख्य जीव वाचवले. हे काम ग्रामीण वैद्यकाचा अभिमान आहे. प्राझोसिन विषाला हात लावत नाही, रक्तवाहिन्यांवरचे आल्फा ग्राहक बंद करते. प्रतिविषातली प्रतिपिंडे मात्र विषाचा पृष्ठभाग ओळखून त्यालाच पकडतात, म्हणून एका जातीवरचे प्रतिविष दुसरीवर तितकेच लागू पडेल असे नाही. उसळून गेलेले अ‍ॅड्रेनालिनही त्याने परत फिरत नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बावस्करांच्या चाचणीत दोन्ही औषधे एकत्र दिलेले रुग्ण केवळ प्राझोसिन घेतलेल्यांपेक्षा लवकर बरे झाले.