विहिरीच्या काठची बाभूळ

आमच्या जालना जिल्ह्यात आनंदाची गोष्ट निघाली की माणसे आभाळाकडे पाहतात. पाऊस पडू द्या, मोसंबीला भाव येऊ द्या, मग बघू, असे म्हणतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. 2012-13 च्या दुष्काळात इथल्या कित्येक मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. ज्याची बाग डोळ्यांदेखत गेली, त्याला पाखरांचे कौतुक काय सांगावे? पण वर्ष वाईट गेले म्हणून त्यातला प्रत्येक दिवस वाईटच धरायचा का, एवढे मात्र विचारावेसे वाटते.

पावसाच्या तोंडावर पावशा ओरडू लागतो. त्याच्या ओरडण्यात 'पेरते व्हा' हे शब्द ऐकले ते आपल्या कुणब्यानेच. पुढे पाऊस लागला, गवत वाढले, की विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणीची घरटी लोंबू लागतात. नाव सुगरणीचे, पण विणकर असतो नर. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी 1930 च्या सुमारास कोकणात किहीमला या पाखरांचे बारकाईने निरीक्षण केले. नर गवताची पाती चिरून आणतो आणि घरटे अर्धे विणतो. मग मादी पाहायला येते. पसंत पडले तर तो काम पुरे करतो. नाही तर ते तसेच सोडून दुसरे विणायला घेतो. आत ओल्या मातीचे गोळे लावलेले असतात. त्यांत काजवे खोचून पाखरू दिवा लावते, ही मात्र नुसती समजूत.

गुरुजी, हा धडा खडूने शिकवण्यापेक्षा मुलांना बांधावर नेऊन दाखवावा. विहिरीला कठडा नसेल तर दुरूनच बरे! वर्गात एक वही ठेवावी. पावशा कधी बोलला, पहिला काजवा कुणी पाहिला, हे तारखेसह मुलांनीच लिहावे. तीन-चार वर्षांत ती गावची बखर होईल.

आणि पाखरांना लावलेला कान माणसांनाही लावावा. बाजारच्या दिवशी एस.टी.ची वाट पाहताना शेजारची म्हातारी विचारते, "कोणतं गाव, बाबा?" दोन बोलण्यांत कळते की तिचे माहेर आपल्या मावशीच्या गावचे. गाडी उशिरा आली तरी मग जड वाटत नाही. दुष्काळात तर ही विचारपूस फार मोलाची. तिने कर्ज फिटत नाही; पण खचलेला माणूस चार शब्द बोलतो, त्याच्या मनातले कुणाला तरी कळते.

आता बोअर आली, जुन्या विहिरी बुजू लागल्या, काठच्या बाभळी सरपणाला गेल्या. एक बाभूळ तुटली की पाखरांची अख्खी वस्ती उठते. तेव्हा आपल्या शिवारातली अशी एखादी बाभूळ राखा. येत्या श्रावणात पोराबाळांना घेऊन तिच्याजवळ घटकाभर उभे राहा. वाटेत कुणी भेटला तर रामराम घाला, आणि त्यालाही थांबवून घ्या.