लॉगमध्ये सांडलेली नावं



परळला केईएम किंवा टाटा रुग्णालयाच्या ओपीडीत सकाळी गेलात, तर रांगेतल्या बहुतेकांच्या हातात प्लास्टिकची एक पिशवी दिसेल. केसपेपर, तपासण्यांचे रिपोर्ट, आधार कार्डाच्या झेरॉक्स, रेशनकार्डाची प्रत. कुणी विदर्भातून आलेलं असतं, कुणी कोकणातून. मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. पाणी प्यायला उठले तरी ही माणसं ती पिशवी खाली ठेवत नाहीत. त्यातलीच माहिती संगणकात गेल्यावर आम्ही सॉफ्टवेअर लिहिणारे लोक ती किती जपतो, याबद्दल मला आज बोलायचं आहे.

प्रोग्राममध्ये प्रत्येक रुग्णाचं एक ऑब्जेक्ट असतं. म्हणजे एका माणसाबद्दलच्या माहितीचा एकत्र बांधलेला संच: नाव, वय, मोबाइल, आधार क्रमांक, निदान. आणि प्रोग्राम चालत असताना आपली रोजनिशीही लिहीत असतो. किती वाजता कोणतं काम आलं, कुठे अडलं, काय चुकलं. तिला आम्ही लॉग म्हणतो. रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडला, तर सकाळी कारण शोधायला सगळ्यात आधी लॉगच उघडतात.

आता समजा, बिलाची बेरीज चुकते आहे. नव्याने कामाला लागलेल्या मुलाला कारण सापडत नाही, म्हणून तो कोडमध्ये एक ओळ घालतो: हे रुग्णाचं ऑब्जेक्ट लॉगमध्ये छाप. त्याच्या मनात वाईट काहीच नाही. पण पायथनमधला डेटाक्लास किंवा जावामधलं रेकॉर्ड छापायला सांगितलं, की ते आपल्या पोटातलं सगळंच छापतं. शोधायची होती रक्कम. लॉगमध्ये उतरतं, नाव सुमन, वय 41, मोबाइलचे दहाच्या दहा आकडे, निदान स्तनाचा कर्करोग. बेरीज दुरुस्त होते, मुलगा पुढच्या कामाला लागतो. ती ओळ तिथेच राहते आणि त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक बाईचं निदान लिहून ठेवत जाते.

डेटाबेसला पासवर्ड असतो, कोणी काय पाहिलं याची नोंद असते. लॉगला एवढी राखण सहसा नसते. तो बॅकअपमध्ये जातो, देखभाल करणाऱ्या कंपनीला मेलने जातो, त्याचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडतो. आणि हे फक्त छोट्या ठिकाणी होतं असं समजू नका. मे 2018 मध्ये ट्विटरने आपल्या 33 कोटींहून अधिक वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सांगितलं, कारण ते सांकेतिक रूपात जाण्याआधीच आतल्या एका लॉगमध्ये जसेच्या तसे लिहिले जात होते. पुढच्या वर्षी फेसबुकलाही कोट्यवधी पासवर्डांबद्दल अशीच कबुली द्यावी लागली. तिथे काही अडाणी माणसं कामाला नव्हती.

म्हणून माझं म्हणणं असं, की हे काम माणसाच्या आठवणीवर सोडता कामा नये. झाकणं आपोआप व्हावं, उघडणं मुद्दाम करावं लागावं. आणि ही शिस्त ऑब्जेक्टच्या आतच असायला हवी.

त्यासाठी तयार लायब्ररी असतात, म्हणजे इतरांनी लिहून, वापरून, तपासून ठेवलेला कोड. काहींत रकान्याच्या डोक्यावर नुसती खूण करायची, की हा संवेदनशील. छापताना किंवा बाहेर पाठवताना लायब्ररी ती खूण वाचते आणि रकाना गाळते. पायथनमध्ये पायडँटिक नावाची लायब्ररी आहे. तिची रीत मला अधिक आवडते. तिच्यात गुपित मजकुराचा वेगळा प्रकारच आहे. तो छापला, की आतला मजकूर कितीही लांबीचा असो, बाहेर दहा स्टार दिसतात. म्हणजे लांबीवरूनही अंदाज करता येत नाही. खरा मजकूर हवा असेल तर लांबलचक नावाचं वेगळं फंक्शन वापरावं लागतं. एसएमएस पाठवताना ते वापरावंच लागेल, त्यात गैर काही नाही. पण ते नाव साऱ्या कोडमध्ये शोधलं, की मोबाइल क्रमांक कुठे कुठे उघडा होतो ते क्षणात समोर येतं. तपासणी करणाऱ्याला याहून अधिक काय हवं?

खुणेच्या रीतीत एक धोका आहे. उद्या कोणी ‘नातेवाइकाचा मोबाइल’ असा नवा रकाना घातला आणि खूण करायला विसरला, तर तो उघडाच राहतो. मोबाइल क्रमांकाचा प्रकारच झाकलेला असला, तर तो क्रमांक कोणत्याही रकान्यात गेला तरी झाकलेलाच राहील.

अवघड असतो तो ‘शेरा’ नावाचा रकाना. तिथे कोणी काहीही टाइप करतं: ‘मुलाला फोन करणे’ आणि पुढे नंबर. त्यासाठी लॉगच्या तोंडाशी आणखी एक चाळण लावावी लागते. ती मोबाइल क्रमांक शोधते, आणि आधारसारखा बारा आकडी क्रमांकही. मध्ये जागा सोडून चार-चार-चार लिहिला असला तरी. पावती क्रमांकही बारा आकडी असू शकतो. पण आधारचा शेवटचा आकडा आधीच्या अकरांवरून ठरलेल्या गणिताने काढलेला असतो. ते गणित जुळलं तर झाका, एवढं चाळणीला शिकवता येतं.

किती झाकायचं, याचीही रीत बसलेली आहे. मास्क केलेल्या आधारवर शेवटचे चारच आकडे दिसतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2022 पासून दुकानदाराला ग्राहकाचा पूर्ण कार्ड क्रमांक साठवता येत नाही. त्याच्याकडे राहतं ते टोकन, म्हणजे क्रमांकाच्या जागी वापरायचा बदली संकेत, आणि ओळखीपुरते शेवटचे चार आकडे. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. अनेकांना वाटतं, क्रमांकाचं हॅश केलं, म्हणजे गणिताने त्याचा न ओळखता येणारा ठसा काढला, की झालं. पण भारतातले मोबाइल क्रमांक सहा ते नऊ यांपैकी एका आकड्याने सुरू होतात. म्हणजे शक्य क्रमांक सगळे मिळून 400 कोटी. आजच्या संगणकाला तेवढ्या साऱ्यांचे साधे ठसे काढून जुळवून पाहायला फारसा वेळ लागत नाही. म्हणून टोकन खऱ्या क्रमांकापासून गणिताने काढलेलं नसावं. ते स्वतंत्र असावं आणि कोणतं टोकन कुणाचं हा तक्ता वेगळ्या, बंदोबस्ताच्या जागी असावा.

ओळख झाकून काम चालवण्याची ही कल्पना संगणकवाल्यांनी शोधली असं मात्र मी म्हणणार नाही. फोर्टमधल्या आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने 1997 साली एका खटल्याचा निकाल दिला. एका सार्वजनिक उपक्रमात हंगामी मजुरी करणारा माणूस होता. वैद्यकीय तपासणीत एचआयव्ही आढळला आणि त्याचं काम गेलं. काम करायला तो धडधाकट होता. दाद मागायची, तर अर्जावर नाव आलं असतं, नाव छापून आलं असतं आणि शेजारीपाजारी सगळ्यांना कळलं असतं. न्यायालयाने ओळख दडवून दाद मागू दिली. म्हणून तो निकाल आजही ‘एमएक्स विरुद्ध झेडवाय’ म्हणूनच ओळखला जातो. केवळ एचआयव्ही आहे म्हणून काम करू शकणाऱ्या माणसाला नोकरी नाकारता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. पुढे एचआयव्हीबाबतच्या 2017 च्या कायद्यात टोपणनावाने खटला चालवण्याची तरतूदच आली, आणि अशी माहिती बाळगणाऱ्या संस्थांवर ती जपण्याचं बंधनही.

त्या खटल्यात वकिलाला आणि न्यायमूर्तींना अर्जदार कोण हे कळायला हवंच होतं. निकाल वाचणाऱ्याला ते कळण्याची गरज नव्हती. एकाच नोंदीची ही दोन तोंडं, आणि दोन्ही आवश्यक.

1963 साली सुरू झालेली इंडियन कॅन्सर सोसायटीची मुंबईतली कर्करोग नोंदणी घ्या. लोकसंख्येवर आधारित अशी ती देशातली पहिलीच. एकच रुग्ण आधी केईएमला आणि मग टाटाला जातो. तो दोनदा मोजला जाऊ नये म्हणून नाव, पत्ता ठेवावाच लागतो. अहवालात छापायचे ते आकडे. नावच घेऊ नका म्हणणाऱ्यांशी माझं म्हणूनच जमत नाही. नाव घेतलं नाही तर मोजणी चुकते, आणि मोजणी चुकली तर उपचारांची तरतूद चुकते.

2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम 2025 मध्ये अधिसूचित झाले. त्यांत झाकणं, टोकन वापरणं हे उपाय नावानिशी आहेत. लॉग एक वर्ष जपून ठेवा, असंही त्यांत आहे. म्हणजे लॉग पुसून टाकणे ही पळवाट राहिली नाही. तो मुळातच स्वच्छ लिहिला गेला पाहिजे.

तरीही एक जागा उरते, जिथे कोणतीही लायब्ररी पुरत नाही. लालबागमधली एक चाळ, वय 34, आणि क्वचित आढळणारा एक आजार. नाव गाळलं तरी त्या चाळीतला कोणीही माणूस ओळखेल. अशा वेळी वयाऐवजी पाच वर्षांचा गट द्यावा, चाळीऐवजी नुसता एफ-दक्षिण वॉर्ड लिहावा, आणि तक्त्यातल्या एखाद्या चौकटीत दोन-तीनच माणसं येत असतील तर ती चौकट मोकळी सोडावी. संशोधकांची यावर तक्रार असते, आणि ती खरी आहे. अशा मोकळ्या चौकटींत त्यांच्या कामाचं काही नक्कीच बुडतं. ज्यांना बारीक तपशील हवा आहे त्यांनी रुग्णालयाच्या नैतिकता समितीची परवानगी घ्यावी आणि रुग्णालयातल्याच संगणकावर बसून काम करावं. प्रत बाहेर न्यायची नाही.