काय शिकवले नव्हे, काय येते?



बिन महमूद येथील या सभेत शिक्षणाविषयी बोलताना मी प्रथम माझ्याच क्षेत्राचे उदाहरण घेतो. २०१९ पासून भारतातील एम.बी.बी.एस.चा अभ्यासक्रम क्षमताधिष्ठित झाला. विद्यार्थ्याने किती व्याख्याने ऐकली, यापेक्षा त्याला रुग्णाचा रक्तदाब स्वतः अचूक मोजता येतो काय, या प्रश्नाला महत्त्व आले.

शालेय शिक्षणात हा विचार त्याहून जुना आहे. दवे समितीने १९९१ साली प्राथमिक स्तरासाठी किमान अध्ययन पातळ्या सुचविल्या. महाराष्ट्राचा १९९५ चा प्राथमिक अभ्यासक्रम क्षमताधिष्ठित होता. २०१७ मध्ये एन.सी.ई.आर.टी.ने इयत्तावार अध्ययन निष्पत्ती प्रसिद्ध केल्या. येथे आधी साध्य ठरते, मग त्याची पारख आणि शेवटी पाठ. परंतु साध्यांची यादीच पाठ करावयाची झाली, की जुनी घोकंपट्टी नव्या नावाने परतते.

परदेशात वाढणारी आपली अनेक मुले मराठी समजतात, मात्र देवनागरी वाचताना अडखळतात. शुक्रवारच्या सुटीत त्यांच्यासाठी मराठीचा वर्ग काढावयाचा असेल, तर ‘पुस्तक कोणते?’ हा पहिला प्रश्न नसावा. ज्या आजीला शाळेची पायरी चढता आली नाही, तिला नातवाने वर्षअखेरीस गावी जाऊन वर्तमानपत्रातील एक बातमी वाचून दाखवावी व तिचा अर्थ सांगावा, हे साध्य आधी ठरवू या. मग जोडाक्षरे केव्हा आणि कोणते शब्द किती, हे त्यावरून ठरेल. बातमी वाचता आली नाही, तर मुलाला दोष न देता आपण पाठ बदलू या.

जयभीम!