संगणकाचा निळा पडदा : कारणमीमांसा व उपाय



घरचा संगणक नीट चालू असता एकाएकी सर्व पडदा निळा व्हावा, त्यावर चार ओळी उमटाव्यात आणि त्या वाचून होण्यापूर्वीच यंत्र पुन्हा सुरू व्हावे, हा प्रकार खेड्यांतील शिक्षकांनाही आता अपरिचित राहिलेला नाही. (विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत २०२५ पासून हा पडदा काळा झाला आहे, अर्थ तोच.) एखादे वेळी असे घडल्यास चिंता करण्याचे कारण नाही. परंतु आठवड्यातून दोनतीनदा घडू लागले, तर कारण शोधणे प्राप्त होते. शिक्षकाच्या संगणकात निकालपत्रके, पोषण आहाराचे हिशेब व मुलांची माहिती साठविलेली असते. दुरुस्तीच्या दुकानात पुष्कळदा 'विंडोज नवी टाकू' हाच पहिला उपाय सांगितला जातो. त्यात नोंदी पुसल्या जाण्याचा संभव असतो. आणि दोष यंत्राच्या भागांत असल्यास नोंदीही जातात व निळा पडदाही राहतो.

वस्तुतः हा पडदा म्हणजे रोग नव्हे. आत काही विपरीत घडल्याचे ध्यानात येताच, चुकीची माहिती डिस्कवर लिहिली जाऊ नये म्हणून विंडोज स्वतःच काम थांबविते. म्हणून प्रथम महत्त्वाच्या फायली पेनड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात. नव्या संगणकांत डिस्क बहुधा कुलूपबंद असते व दुरुस्तीच्या वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती आधीच कागदावर लिहून ठेवावी.

यानंतर 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' या भागातील 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट' यापुढील खूण काढून टाकावी, म्हणजे पडदा वाचता येईल इतका वेळ स्थिर राहतो. एका वहीत तारीख, वेळ, त्या वेळी चाललेले काम, पडद्यावरील 'स्टॉप कोड' आणि फाइलचे नाव दिसत असल्यास तेही नोंदवावे. चारपाच नोंदी झाल्या की त्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. कोड तोच व फाइलही तीच असेल, तर संशय ड्रायव्हरवर, म्हणजे प्रिंटर, वाय-फाय इत्यादी उपकरणांशी संगणकाचा व्यवहार जुळविणाऱ्या प्रणालीवर घ्यावा. कोड दर वेळी निराळा येत असेल, तर स्मृतिपट्टी म्हणजे रॅम प्रथम तपासावी.

ड्रायव्हरचा दोष थोरामोठ्यांनाही चुकलेला नाही. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागो येथील प्रदर्शनात, बिल गेट्स यांच्यासमक्ष, विंडोज ९८ चालू असलेल्या संगणकाला स्कॅनर जोडताच पडदा निळा झाला. १९ जुलै २०२४ रोजी तर क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या संरक्षक प्रणालीतील एका सदोष फाइलमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. विमानतळ व रुग्णालये अडली. त्यांपैकी असंख्य संगणक 'सेफ मोड'मध्ये सुरू करून ती एक फाइल काढताच पूर्ववत झाले. विंडोज नवी टाकावी लागली नाही. घरीही हाच मार्ग आहे. त्रास सुरू होण्याच्या सुमारास कोणते उपकरण वा कोणती प्रणाली नव्याने आली, हे आठवावे; सेफ मोडमध्ये जाऊन ती काढावी, आणि आठ दिवस वाट पाहावी. एका वेळी एकच बदल करावा. तीन बदल एकदम केल्यास गुण कशाने आला ते कळत नाही.

रॅमसाठी 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' ही चाचणी संगणकातच असते. ती रात्री लावून ठेवावी. पट्ट्या दोन असतील, तर वीजपुरवठा तोडून एकेक पट्टी आळीपाळीने ठेवून पाहावे. पट्टीची सोनेरी कडा खोडरबराने हलक्या हाताने पुसून, चुरा झटकून पुन्हा घट्ट बसविल्याने काम भागल्याची उदाहरणेही पुष्कळ आहेत. धूळ व उष्णता यांकडेही लक्ष असावे. मात्र निळा पडदा न दिसताच संगणक एकदम विझत असेल, तर वीज, पॉवर सप्लाय किंवा तापलेला प्रोसेसर पाहावा. तो निराळा विकार आहे.

इतके करूनही त्रास न थांबल्यास डिस्कची तपासणी करवून घ्यावी. दुकानात जाताना ती वही बरोबर न्यावी, आणि विंडोज नवी टाकण्याची वेळ आलीच तर पेनड्राइव्हवरील फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्यानंतरच संमती द्यावी.